काच, स्टील आणि ‘हे घासणार कोण?’

माझ्या भाचीचं सासर पीपलरावांचं. हे गाव मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यात आहे. आजूबाजूला माळव्याची काळी माती, सोयाबीन आणि गहू. एवढ्या लांब, हिंदीच्या मुलखात मराठी घर कुठून आलं, असं आमच्या फोंड्याकडच्या मंडळींना लग्नाच्या वेळी वाटलं होतंच. पण देवास आणि धार ही दोन्ही पवारांची संस्थानं. अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात उतरल्या, तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंनी देवासला आपलं बस्तान बसवलं, आणि त्यातूनच पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदली. राज्यकर्त्यांच्या मागोमाग कारकून गेले, भिक्षुक गेले, शिलेदार गेले, आणि त्यांच्या बायकांबरोबर तांब्यापितळेची भांडी गेली. १९४८ साली संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. माणसं मात्र तिथेच राहिली, आणि त्यांची मराठीही. या मराठीत हिंदीचा गोडवा असा मुरलेला आहे, की बोलणाऱ्याला तो कळतही नाही.

तर या भाचीचा एकदा फोन आला. “मामा, इथे चहा म्हणाल तेवढा मिळतो. कॉफी मात्र कोणी पीत नाही. येताना ते दाबायचं कॉफीचं भांडं घेऊन या ना.”

दाबायचं भांडं म्हणजे फ्रेंच प्रेस. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उभट भांडं, वर झाकण, झाकणातून जाणारी एक दांडी आणि दांडीच्या टोकाला बारीक जाळीची चकती. भांड्यात जाडसर दळलेली कॉफी टाकायची, उकळी येऊन जरा निवलेलं पाणी ओतायचं, चार मिनिटं वाट पाहायची आणि दांडी सावकाश खाली दाबायची. चोथा तळाशी जातो, कॉफी वर राहते. ना कागद, ना वीज, ना मशीन.

मी पणजीला दुकानात गेलो. दुकानदाराने दोन भांडी पुढ्यात ठेवली. एक काचेचं, धातूच्या चौकटीत बसवलेलं. दुसरं स्टीलचं, दुहेरी भिंतीचं, हातात जड, आणि किंमतही तशीच वजनदार. “कुठलं देऊ?” त्याने विचारलं. मी पंधरा मिनिटं तिथे उभा होतो. साधा प्रश्न, पण उत्तर देता येईना. शेवटी काचेचं घेतलं. का घेतलं, आणि ते बरोबर होतं की चूक, याचा विचार पुढे सगळ्या गाडीप्रवासात चालू राहिला. हा लेख म्हणजे तो विचारच आहे.

आधी या भांड्याची कुळकथा. नाव फ्रेंच, आणि जन्मही फ्रान्समधलाच म्हणायला हरकत नाही. १८५२ साली पॅरिसमध्ये मेयर आणि देल्फोर्ज या दोघांनी अशा एका भांड्याचं पेटंट घेतलं. दांडीला जोडलेली जाळी खाली दाबून चोथा वेगळा करायचा, ही कल्पना त्यात होती. पण चकती भांड्याच्या कडेला घट्ट बसली नाही तर चोथा बाजूने वर येतो, आणि कडेला घट्ट बसणारी चकती करणं हेच खरं अवघड काम. ते पुढे इटलीत सुधारलं. १९२९ मध्ये मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी पेटंट घेतलं, आणि १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनी याने आणखी सुधारणा केली. त्याचं भांडं फ्रान्समध्ये बनू लागलं, तेही क्लॅरिनेट ही वाद्यं बनवणाऱ्या कारखान्यात! धातूची चौकट आणि आत काच, हे जे रूप आपल्या डोळ्यांसमोर येतं ते तिथलं. पुढे डेन्मार्कच्या बोडम कंपनीने ते जगभर नेलं. म्हणजे फ्रेंच नाव, इटालियन डोकं आणि डॅनिश दुकान.

आता काच. उकळतं पाणी ओतलं की साधी काच तडकते, हे आपल्याकडे प्रत्येक घराने एकदा तरी पाहिलेलं आहे. आतली बाजू एकदम तापून फुगते, बाहेरची थंडच राहते, आणि त्या ओढाताणीत काच जाते. यावर उपाय शोधला जर्मनीत ओटो शॉट याने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. काचेत बोरॉनचं ऑक्साइड मिसळलं की तापल्यावर तिचं फुगणं साध्या काचेच्या जवळजवळ एक तृतीयांशावर येतं. हीच बोरोसिलिकेट काच. अमेरिकेत कॉर्निंग कंपनी अशी काच रेल्वेच्या कंदिलांसाठी बनवत होती, कारण तापलेल्या कंदिलावर पावसाचं पाणी पडलं की काच फुटायची आणि सिग्नल जायचा. तिथल्या एका शास्त्रज्ञाच्या बायकोने १९१३ मध्ये अशा काचेच्या कापलेल्या बरणीच्या तळात केक भाजून पाहिला. काच फुटली नाही. दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, पायरेक्स बाजारात आली.

कंदिलाची काच स्वयंपाकघरात शिरली, ही गोष्ट मला फार आवडते. कारण आपल्याकडची काचही कंदिलातूनच आली. स्वदेशीच्या काळात, १९०८ मध्ये तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेला. तिथे तयार झालेल्या माणसांनी मग देशभर काचेचे कारखाने काढले. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी कारखाना काढला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. त्या जागेला ओगलेवाडी असं नावच पडलं. उष्णता सोसणारी काच आपल्याकडे बोरोसिलच्या रूपाने आली ती १९६२ नंतर.

पण कंदील टांगायला ठीक, हंड्या-झुंबरं वाड्यात लावायला ठीक. चुलीजवळ काच? तिथे आपली गाडी अडायची. गंमत पाहा, बाईच्या हातात काच हवीच. आमच्या गोव्यात लग्नाआधी चुडा भरतात तो काचेच्या बांगड्यांचा. कासाराच्या दुकानात एका बाजूला बांगड्या आणि दुसऱ्या बाजूला पितळी भांडी. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. इतकं त्या काचेचं कौतुक! पण तीच काच पेला होऊन आली की तिची जागा ओसरीवर. माझ्या आजीच्या रांधपघरात चिनी मातीचा कप किंवा काचेचा ग्लास कधी गेला नाही. ते बाहेरच्या कपाटात, पाहुण्यांसाठी. धातू राखेने घासला, पाण्याने धुतला की शुद्ध झाला. काच आणि चिनी माती कोणाकोणाच्या ओठांना लागून आली असेल, काय सांगावं!

हे ओठांचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली होती. त्यांच्यासमोर चहा-बिस्किटं ठेवली गेली. रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. हा सगळा बेत ज्यांनी घडवून आणला त्या गोपाळराव जोशांनी मग हजर असलेल्यांची नावं छापून आणली, आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. एका कपभर चहावरून दोन वर्षं शहर ढवळून निघालं. चहा चांगला होता की वाईट, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. तो कोणाच्या हातचा, एवढाच प्रश्न होता.

आणि ही झाली वरच्या पायरीवरची भांडणं. खालच्या पायरीवर ना प्रायश्चित्त होतं, ना चौकशी समिती. तिथे फक्त वेगळा कप होता. गावोगावच्या चहाच्या हॉटेलांत दलितांसाठी बाहेर ठेवलेल्या कपबश्या, ज्या त्यांनीच विसळून परत ठेवायच्या. १९५० साली घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ साली जो कायदा आला त्यात हॉटेल-धर्मशाळांतली भांडी वापरू न देणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहावं लागलं. एका देशाला आपल्या कायद्याच्या पुस्तकात भांड्यांचा उल्लेख करावा लागतो, यातच सगळं आलं.

मी हे दुसऱ्याच्या गावाबद्दल लिहितो आहे असं समजू नका. आमच्याच घरी, फाटलेदारी, विहिरीजवळच्या कट्ट्यावर एक काचेचा ग्लास उपडा घातलेला असायचा. जाड काचेचा, उभ्या रेघांचा. भांडी घासायला येणाऱ्या बाईचा तो ग्लास. ती आली की स्वतः तो धुवायची, आई वरून चहा ओतायची, ती पिऊन पुन्हा धुवून जागेवर ठेवायची. लहानपणी मला तो ग्लास फार सुंदर वाटायचा. आमच्या घरात दुसरा तसा नव्हता. एकदा मी त्यातून पाणी प्यालो. आजीने मला विहिरीवर उभं करून डोक्यावरून दोन कळश्या ओतल्या. ती बाई तिथेच बसलेली होती. ती काही बोलली नाही. खाली मान घालून भांडं घासत राहिली. तिचा चेहरा मला आठवत नाही, हात आठवतात. राखेने पांढरे पडलेले.

ती घासायची ती भांडी तांब्या-पितळेची. भाण, कळशा, पातेली, परात. चिंच आणि राख, नारळाच्या शेंड्या. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ राहिला तर तो कळकतो, पोटात गेला तर बाधतो. म्हणून आतून कल्हई. कल्हईवाला भाता घेऊन यायचा, भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, धुराचा लोट उठायचा, आणि मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने असं चमकवायचा की आम्हा मुलांना ती जादू वाटायची. पण काही महिन्यांत कल्हई उडायची आणि पुन्हा तेच.

या सगळ्यातून सोडवलं स्टीलने. १९१३ मध्ये इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रियर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता. लोखंडात पुरेसं क्रोमियम मिसळलं तर ते गंजत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप बसतो, ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. म्हणजे स्वतःच स्वतःला कल्हई करणारं भांडं! जर्मनीत त्याच सुमारास क्रोमियमच्या जोडीला निकेल घातलेलं पोलाद निघालं. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण आजही भांड्यांच्या तळाशी कोरलेलं दिसतं. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत स्टील घरात शिरलं. दारावर बोहारीण यायची, जुन्या साड्या-पॅन्टी घेऊन डबा नाहीतर पातेलं द्यायची. लग्नामुंजीत स्टील. प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, कोणाकडून, कोणाला, तारीख. आमच्या घरातला वाटी-चमचासुद्धा बिननावाचा नव्हता. नाव नव्हतं ते फक्त विहिरीवरच्या त्या काचेच्या ग्लासावर.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण दुकानात उभं राहणाऱ्या माणसाला इतिहासाने कॉफी मिळत नाही.

चवीत फरक आहे का? चांगली काच आणि चांगलं स्टील, दोन्ही कॉफीला काही करत नाहीत. कागदाच्या गाळणीत अडकणारं कॉफीचं तेल जाळीतून मात्र खाली येतं. त्यामुळे ही कॉफी दाट लागते, आणि ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी ती रोज पिऊ नये. जाळी दोन्हींत सारखीच, तेव्हा तिथे निवड नाही. उष्णता? दुहेरी भिंतीचं स्टील नक्कीच जास्त वेळ गरम ठेवतं. पण चार मिनिटांनंतर कॉफी चोथ्यावर ठेवली तर ती कडू होत जाते. ती ओतून घ्यायची असते, त्यामुळे या गुणाची गरज वाटते तेवढी नाही. काचेच्या भांड्यात आधी थोडं गरम पाणी फिरवून ओतून टाकलं की निम्मा प्रश्न सुटतो. स्टील घेताना एक सांगतो, लोहचुंबक लावून पाहू नका. कमी निकेलचं, मँगेनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही. बाजारातली पुष्कळ भांडी त्याचीच असतात. ३०४ हा आकडा किंवा १८/८ लिहिलेलं पाहून, ओळखीच्या दुकानातून घ्यावं.

खरा फरक दोनच. काच फुटते. आणि काच दिसते. आत कॉफी कशी चालली आहे ते दिसतं, तसाच तळाला बसलेला तेलाचा तपकिरी थरही दिसतो. स्टील तो लपवतं. महिनाभर नीट न घासलेलं स्टीलचं भांडं बाहेरून लखलखीत असतं आणि आतली कॉफी खवट. म्हणजे काच घासणाऱ्याला घाबरवते आणि स्टील आळशाला फसवतं. दोन्ही प्रश्न शेवटी धुण्याचेच.

पीपलरावांला पोचलो. भाचीने खोका उघडला, भांडं टेबलावर ठेवलं. तिच्या आजेसासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, चष्मा लावून जवळ आल्या. चौफेर पाहिलं. दांडी एकदा वर केली, एकदा खाली.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण हे घासणार कोण?”

मी चमकलो. हाच प्रश्न माझी आई विचारायची. बाबांनी बाजारातून काहीही नवं आणलं की आधी कोंकणीत, “हें कोण घासतलें?”

भांडी घासणारी बाई तेव्हा मोरीपाशीच होती. तिने लांबूनच हात हलवला. “ये मैं नहीं धोऊँगी. टूट गया तो?” मग भाचीने हळूच सांगितलं. पूर्वी एका घरी तिच्या हातून काचेचं भांडं फुटलं होतं. त्याचे पैसे पगारातून कापले गेले. तेव्हापासून ती काचेला हात लावत नाही.

संध्याकाळी मी कॉफी केली. फोंड्याच्या कुळागरातलं जायफळ नेलं होतं, ते पाण्याबरोबरच किसून टाकलं. आपल्याकडे कॉफी म्हणजे जायफळ, त्याला फ्रेंचांचा इलाज नाही. दांडी दाबताना सगळे टेबलाभोवती जमले. तीही पदराला हात पुसत आली. चोथा खाली खाली जात होता आणि वर स्वच्छ काळसर तांबूस कॉफी उरत होती. स्टीलचं भांडं आणलं असतं तर हे कोणालाच दिसलं नसतं, हे काचेच्या बाजूने कबूल केलं पाहिजे.

आजींनी कपाटातून कप काढायला सांगितले. एकाच सेटमधले सहा. दूध-साखर घालून सहाही भरले, आणि सहावा त्यांनी स्वतः उचलून तिच्या हातात दिला. बोलल्या काही नाहीत. ऐंशी वर्षांच्या बाईने तो कप उचलायला किती अंतर चाललं असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि आणखी साखर मागितली.

भांडं त्या दिवशी मी धुतलं. जाळीच्या तीन चकत्या सुट्या करून, एकेक ब्रशने. दहा मिनिटं गेली. पन्नाशी उलटून गेलेली, आणि दुसऱ्याच्या घरच्या मोरीवर मी पहिल्यांदाच उभा होतो.

तेव्हा मला विचाराल तर उत्तर असं. स्वतः धुणार असाल तर काच घ्या. दिसते, निववते, आणि फुटलीच तर आतलं भांडं बदलून मिळतं. पण धुणारे हात दुसऱ्याचे असतील तर स्टील घ्या, आणि आठवड्यातून एकदा जाळी सुटी करून खायचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात स्वतः टाका. काच घ्यायचीच असेल आणि धुणार दुसरं कोणी असेल, तर ती फुटण्याचा खर्च आपला, हे पहिल्या दिवशीच तोंडाने सांगून टाका.

पुढच्या खेपेला मी पीपलरावांला स्टीलचं नेलं. त्याच दुकानातून. पैसे देताना दुकानदाराने सवयीने यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, “नाव काय घालू?”

“काही नको,” म्हटलं. “तसंच राहू दे.”